जड गाडी उभ्या-उभ्या झोपते? पाना हातात घेण्याआधी हे तपासा

ताशी साठच्या वेगात मोटरसायकल पडली तर माणूस चारचौघांत सांगतो. पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर किंवा सिग्नलला चालण्याच्या वेगात पडली तर सांगत नाही. गुपचूप ब्रेकचा नाहीतर क्लचचा लिव्हर बदलून घेतो आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तोच लिव्हर मागायला येतो. गॅरेजात शनिवार-रविवारच्या राइडनंतर अशा गाड्या ठरलेल्या असतात. वाकलेलं सरळ करून देणं सोपं आहे, पण गाडी पुन्हा का पडली हे शोधल्याशिवाय त्या दुरुस्तीला अर्थ नाही.

मी इथे रॉयल एनफिल्डच्या क्लासिक, बुलेट, हिमालयन अशा १९० ते २०० किलोच्या गाड्या धरून लिहितोय. सुपर मेटिऑरसारखी २४१ किलोची गाडी असेल तर नियम तेच, फक्त चूक सावरायला वेळ आणखी कमी.

लक्षणं

तुमची तक्रार यातली कुठली ते आधी ठरवा.

- यू-टर्न घेताना गाडी आतल्या बाजूला पडते, बहुतेक वेळा उजव्या अंगावर.
- थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी पडते. पाय टेकतो, पण उशिरा टेकतो.
- पाय वेळेवर टेकतो, पण खाली खडी, वाळू किंवा खड्डा निघतो.
- वळणात इंजिन बंद पडतं आणि त्याच झटक्यात तोल जातो.
- डबलसीट माणूस चढताना किंवा उतरताना गाडी कलते.
- ढकलत मागे घेताना, विशेषतः पलीकडच्या बाजूला पडते.
- स्टँडवर लावून गेलात आणि परत आलात तर गाडी आडवी.

नक्की आठवत नसेल तर ओरखडे बघा. लिव्हरच्या टोकाच्या गोळ्यावर आणि लेगगार्डच्या बाहेरच्या बाकावर टिकलीएवढा खरवडलेला डाग असेल, तर गाडी उभ्यानेच पडली. तोच डाग मागे लांब रेघेसारखा ओढला गेला असेल, तर चाक फिरत होतं. उजवीकडे फुटरेस्टचं टोक आणि सायलेन्सरची कड दोन्ही घासलेली असतील, तर नव्वद टक्के यू-टर्न. गिऱ्हाईक काहीही सांगो, मी आधी हे डाग बघतो.

गाडी जड आहे म्हणून पडते, हे अर्धंच खरं

ढोबळ गणित करू. गाडी १९५ किलोची, तिचा भारमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर, आणि तुम्ही हँडल साधारण एक मीटर उंचीवर धरलंय. सरळ उभी असेल तर ती दोन बोटांनी धरता येते. दहा अंश कलली की सतराएक किलोचा जोर लागतो, तेही जमतं. तीस अंशांवर मात्र तोच जोर पन्नास किलोच्या घरात जातो, आणि तुम्ही सीटवर बसलेले असाल तर तुमचं वजन वेगळं. म्हणजे जे काही करायचं ते पहिल्या काही अंशांत. त्यापुढे गेलेली गाडी अडवायला जाऊ नका. हात सोडा, पाय बाहेर काढा, पडू द्या. लिव्हर काही शेकड्यांत येतो, कंबर तशी येत नाही.

वजन कमी करता येत नाही. पण गाडी पहिल्यांदा कलते कशामुळे, ते बहुतेक वेळा पैसे न घालता सुधारता येतं. म्हणून फुकटातल्या तपासण्या आधी.

शेवटचे तीन फूट: पुढचा ब्रेक आणि वळलेलं हँडल

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्यांचा आजार इथेच सापडतो.

हँडल सरळ असताना पुढचा ब्रेक दाबला की शॉकअप दबतात आणि गाडी सरळ रेषेत थांबते. हँडल वळलेलं असताना तोच ब्रेक दाबला की पुढचं चाक आणखी आत वळू बघतं, वरचा सगळा भार त्याच बाजूला येतो आणि तेवढ्यात वेग शून्य होतो. चालत्या गाडीचा तोल आपण नकळत हँडल इकडे-तिकडे करून चाक भाराखाली आणत सांभाळत असतो. चाकच थांबलं की ते हत्यार गेलं. उरतो फक्त तुमचा पाय.

‘एबीएस आहे ना’ असं कुणीतरी म्हणतंच. एबीएसचं काम चाक लॉक होऊ न देणं. इथे प्रश्न तोल जाण्याचा आहे, आणि अगदी कमी वेगाला एबीएस मध्ये पडतही नाही.

तपासायचं असं. रिकाम्या मैदानात पहिल्या गिअरवर, चालण्याच्या वेगात जा आणि फक्त मागच्या ब्रेकने थांबा. उजव्या हाताची चारही बोटं ग्रिपवर, एकही लिव्हरवर नको. शेवटच्या तीन फुटांत हँडल सरळ आहे का, हे कुणाला तरी बाजूला उभं राहून बघायला सांगा, कारण बसणाऱ्याला ते कळत नाही. थांबताना बोटं आपोआप लिव्हरकडे जात असतील, तर निदान झालं. वेग असताना पुढचा ब्रेक हवाच, तो सोडायला मी सांगत नाही. शेवटच्या तीन फुटांत आणि वळलेल्या हँडलवर तो नको, एवढंच.

एक हिमालयनवाले काका आहेत. त्यांची गाडी दर वेळी सोसायटीच्या फाटकातच पडायची, डाव्या अंगावर. घाटात वगैरे कधी नाही. जाऊन बघितलं तर रस्त्यावरून डावीकडे वळून थेट चढ, आणि चढ संपतो तिथे फाटक. वॉचमन फाटक उघडेपर्यंत काका चढावर, हँडल वळलेल्या अवस्थेत थांबायचे, तेही पुढच्या ब्रेकवर. डावा पाय उताराच्या बाजूला, तो जमिनीपर्यंत पोहोचायचाच नाही. गाडीला काही केलं नाही. खाली रस्त्याच्या कडेला सरळ उभं राहून हॉर्न द्यायचा, फाटक पूर्ण उघडलं की मग वळायचं, एवढंच ठरवलं. तेव्हापासून त्यांचा लिव्हर टिकलाय.

यू-टर्न उजवीकडेच का मारतो

आपल्याकडे यू-टर्न उजवीकडे. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की उजवा हात टाकीजवळ येतो, मनगट दुमडतं आणि रेस आपोआप कमी किंवा जास्त होते. त्याच वेळी डावा हात लांब ताणला जातो आणि क्लचवर जेमतेम दोन बोटं पुरतात. उजवा पाय मागच्या ब्रेकवर अडकलेला असतो, आणि गाडी कलते नेमकी उजवीकडे, म्हणजे जो पाय टेकायला हवा तोच कामात. (जुन्या उजव्या गिअरच्या बुलेटला ब्रेक डावीकडे, तिथे हा हिशोब वेगळा.)

उपाय: रेस किंचित वाढवून एका जागी स्थिर ठेवायची, वेग हाफ क्लचने सांभाळायचा आणि मागचा ब्रेक अगदी हलका लावून ठेवायचा. वर शरीर थोडं बाहेरच्या बाजूला. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे बाहेर पडायचंय तिथे हवी. मान वळली की खांदे वळतात आणि हातही सैल पडतो. आरटीओच्या परीक्षेत आठचा आकडा काढायला लावतात तो याचसाठी, पण तो आपण स्कूटीवर काढून मोकळे झालेलो असतो. ज्या गाडीवर पडता त्याच गाडीवर काढा.

रस्ता अरुंद असेल आणि जमेल असं वाटत नसेल, तर उतरा आणि दोन वेळा मागे-पुढे करून गाडी वळवा. कुणी हसत नाही. हसलं तरी लिव्हर शाबूत.

पाय कुठे टेकतो

थांबण्याच्या जागेकडे आधी बघा, मग थांबा. खचलेली साइडपट्टी, पंपावर सांडलेलं डिझेल, पार्किंगमधल्या गुळगुळीत ओल्या फरश्या, कोकणातली जांभ्याची बारीक लाल खडी: पाय टेकायला या जागा वाईट. चार फूट पुढे-मागे चांगली जागा असते.

मग पायातलं बघा. स्लीपर आणि गुळगुळीत झिजलेला तळवा तर नकोच. पण बुटाची लोंबणारी नाडी गिअरच्या दांड्यात किंवा पँटची मोहरी फुटरेस्टमध्ये अडकून पडलेले लोकही कमी नाहीत. पाय काढायला गेलं की निघत नाही, आणि माणूस बसल्या बसल्या गाडीसकट आडवा होतो. नाडी आत खोचा.

डबलसीट आणि सामान

मागे बसणाऱ्याने विचारल्याशिवाय चढायचं नाही आणि सांगितल्याशिवाय उतरायचं नाही. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर, हँडल सरळ, पुढचा ब्रेक घट्ट (गाडी उभीच आहे, इथे तो चालतो), मग ‘बस’ म्हणायचं. साडी नेसून एका बाजूला बसणारी व्यक्ती असेल तर भार सतत डावीकडे राहतो. अशा वेळी थांबताना डावा पाय भक्कम जागी टेकेल हे आधीच बघावं लागतं.

सामान खाली आणि पुढे, दोन्ही बाजूंना सारखं. टॉपबॉक्समध्ये पाण्याचे कॅन भरणाऱ्यांना मी काय सांगू! पूर्ण भरलेली टाकीही लक्षात येते: १५ लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ११ किलो, आणि तेही गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात. टाकी फुल करून पंपावरून निघताना पडणाऱ्यांना हे माहीत नसतं.

हवा, क्लच, रेस: शंभर-दोनशे रुपयांतली कामं

पुढच्या चाकात हवा कमी असेल तर कमी वेगात हँडल जड लागतं आणि वळवलं की आत कोसळल्यासारखं जातं. हवा गाडी थंड असताना तपासा. आकडा पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नको, गाडीवरच्या स्टिकरवरचा किंवा मॅन्युअलमधला.

क्लचच्या लिव्हरला दोन-तीन मिलिमीटर मोकळा प्ले (केबल ताणण्याआधीची रिकामी हालचाल) हवा. प्ले फार झाला की क्लच पूर्ण सुटत नाही. लिव्हर दाबूनही पहिल्या गिअरवर गाडी पुढे सरकू बघते, तुम्ही ब्रेक जास्त दाबता, आणि पुन्हा शेवटच्या तीन फुटांची गोष्ट सुरू. तपासणी सोपी: इंजिन गरम, मोकळी सपाट जागा, पहिला गिअर, क्लच पूर्ण आत. गाडी सरकते का? सरकत असेल तर ॲडजस्टरने प्ले कमी करा. केबल खरखरत असेल तर बदलूनच टाका, तेल सोडून चार दिवस काढण्यात अर्थ नाही.

वळणात इंजिन बंद पडत असेल तर स्लो रेस मॅन्युअलमधल्या आकड्याला आहे का बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीला स्क्रू आहे, घरी होतं. इंजेक्शनच्या गाडीला हात लावू नका, थ्रॉटल बॉडी साफ करायला गॅरेजात द्या. सैल चेनही अशीच दगा देते: हाफ क्लचवर झटका बसतो आणि हात बिचकतो.

स्टँडवरून पडत असेल तर

उन्हाळ्यात डांबर मऊ होतं, पावसाळ्यात माती. स्टँडखाली सपाट दगड किंवा फरशीचा तुकडा ठेवा. उतारावर गाडीचं तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकून ठेवा. आणि गाडी खरोखर स्टँडच्या बाजूला कलली आहे का, ते मागे उभं राहून बघा. जवळजवळ सरळ उभी दिसत असेल तर कुणाच्या तरी धक्क्याने ती उजवीकडे जाणार.

सीटची उंची

हे लोक सगळ्यात आधी करायला बघतात, मी मुद्दाम इतक्या खाली ठेवलंय. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर, मेटिऑर ३५० ची ७६५, सुपर मेटिऑरची ७४०. उंची पाच फूट दोन इंच असेल तर हा फरक जाणवतो, नाकारत नाही. पण दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं काही नाही. एका पायाचा पुढचा अर्धा भाग भक्कम टेकला तरी पुरतं, बशर्ते हँडल सरळ असावं.

करायचंच असेल तर आधी कंपनीची कमी उंचीची सीट मिळते का बघा, नाहीतर चांगल्या सीटवाल्याकडून फोम पुढच्या बाजूने निमुळता करून घ्या. मागचे शॉकअप छोटे बसवून गाडी खाली घेऊ नका. गाडी खाली येते, साइड स्टँड तेवढाच राहतो, मग ती स्टँडवर सरळ उभी राहते आणि पलीकडे पडते. एक दुखणं काढून दुसरं विकत घेतल्यासारखं होतं. वर वळणात खालून घासते ते वेगळंच.

कोनसेट

वरचं सगळं ठीक असूनही गाडी चालण्याच्या वेगात सरळ जात नसेल, सतत इकडे-तिकडे भरकटत असेल, तर हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग बघा. डबल स्टँड लावा, कुणाला तरी मागे कॅरिअरवर दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं की हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यभागी खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगच्या रेस (गोळ्या फिरतात त्या कड्या) झिजल्या. सगळीकडेच जड असेल तर नट जास्त आवळलाय, आणि तो आवळलेला नट कमी वेगात गाडीला नीट तोल धरू देत नाही. खालून शॉकअप धरून पुढे-मागे ओढल्यावर टक-टक जाणवली तर सैल आहे.

हात लावून बघण्याचं तुमचं काम इथे संपतं. कोनसेट बदलायला रेस ठोकून काढाव्या लागतात आणि नट किती आवळायचा याचा हात बसलेला असावा लागतो. मेकॅनिककडे जा.

पडलीच, तर परत चालवण्याआधी

आधी इंजिन बंद, चावी बंद. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडा, म्हणजे उचलताना पलीकडे जाणार नाही. सायलेन्सर तापलेला असतो, पोटरी सांभाळा. गिअरमध्ये असू द्या, चाक फिरत नाही. गाडीकडे पाठ करा, ढुंगण सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने खालचा ग्रिप आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरा आणि पायांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे सरका. वाकून हातांनी उपसू नका. कुणी मदतीला आलं तर घ्या.

इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. म्हणून बटण दाबून सुरू होत नसेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करा. चार-पाच मिनिटं उभी राहू द्या, तेल खाली उतरू द्या, काचेतून पातळी बघा. सुरुवातीला थोडा धूर आला तर घाबरू नका.

निघण्याआधी हे एक मात्र चुकवू नका: उजवीकडे पडल्यावर हँडलच्या टोकाचं वजन आत दबून ॲक्सिलरेटरच्या ग्रिपला घासतं आणि रेस सोडल्यावर परत येत नाही. इंजिन बंद असताना ग्रिप फिरवून सोडा, टक्कन परत आली पाहिजे. मग इंजिन चालू, न्यूट्रल, हँडल दोन्ही टोकांना न्या. रेस वाढली तर केबल ताणली गेली आहे, ती गाडी चालवायची नाही.

इथे थांबा

पेट्रोलचा वास जात नाही, किंवा थेंब पडतोय. ब्रेकचं लिव्हर मऊ लागतंय. हँडल सरळ धरलं तरी चाक तिरकं दिसतंय: कधी कधी नुसते क्लॅम्प फिरलेले असतात, पण शॉकअपच्या नळ्या वाकल्यात की नाही हे रस्त्यावर कळत नाही. ब्रेकचा पेडल इंजिनवर टेकलाय. गिअरचा दांडा आत वाकलाय आणि गिअर पडत नाही. तो दांडा जागेवरच पानाने सरळ करायला गेलात तर आतली शाफ्ट जाते. उतारावर चाकं वर होऊन पडली होती आणि आता स्टार्टर मारला की इंजिन अडकतं: पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, सिलिंडरमध्ये तेल किंवा पेट्रोल असू शकतं. यातलं काहीही असेल तर टेम्पो बोलवा.

घोटा गाडीखाली आला असेल आणि त्यावर भार देववत नसेल, तर आधी डॉक्टर, गाडी नंतर. तापलेला असतो तोवर दुखत नाही, बूट काढला की सुजतो.

आणि कोनसेटपर्यंत सगळं तपासून ठीक निघालं, तरी गाडी पडतेच आहे, तर गॅरेजवर पैसे घालवू नका. कमी वेगात गाडी हाताळायचं शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे एक सकाळ द्या.

लिव्हर आणि इंडिकेटरसाठी विम्याचा क्लेम करण्याआधी नो-क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा हिशोब करा. तो पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढत जातो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. आणि गॅरेजात गाडी लावताना नुसतं ‘सर्व्हिसिंग करा’ म्हणू नका. कुठल्या अंगावर पडली, उभ्याने की चालताना, हे सांगा. नाही सांगितलं तर आम्ही लिव्हर बदलतो, गाडी धुतो आणि बिल देतो.